साहेबांचा माणूस

मेट्रोपोलिसच्या ‘डेली प्लॅनेट’ या दैनिकाच्या कचेरीत जिमी ऑल्सन नावाचा एक पोरगा आहे. लाल केस, गालांवर ठिपके, गळ्यात बो-टाय. अंगात शक्ती म्हणाल तर जिना चढण्यापुरती. पण मनगटावर घड्याळ आहे ते साक्षात सुपरमॅननं दिलेलं! कळ दाबली की त्यातून ‘झी-झी-झी’ असा आवाज निघतो, तो सुपरमॅनच्याच कानांना ऐकू येतो आणि स्वारी असेल तिथून उडत येते. आमदारसाहेबांचा खासगी नंबर मोबाइलमध्ये बाळगणाऱ्यांच्या चालण्यात आपल्याकडे जी ऐट दिसते ना, तीच जिमीच्या चालण्यात आहे. फरक एवढाच, की जिमीचा फोन उचलला जातो.

त्या जोरावर पठ्ठ्या नको तिथे नाक खुपसतो. गुंडांच्या अड्ड्यात एकट्यानं शिरायचं, खुर्चीला बांधून घ्यायचं, आणि हात घड्याळापर्यंत पोचत नाही हे मग लक्षात यायचं. भलत्या बाटलीतलं औषध प्यायची आणि भलत्या यंत्राशी खेळायची तर दांडगी हौस. कधी हातपाय रबरासारखे लांबले, कधी अंगावर साळिंदराचे काटे उगवले. १९६१ साली तर गडी कासव झाला. पाठीवर ढाल, अंग इमारतीएवढं, आणि मुंडकं जिमीचंच! एवढं होऊन पुन्हा कामावर हजर. रजेच्या अर्जात कारण काय लिहीत असेल, कोण जाणे. संपादक पेरी व्हाइट मात्र खवळतात ते हा त्यांना ‘चीफ’ म्हणतो म्हणून.

बातमीदार म्हणून नजर कशी? त्याच कचेरीत क्लार्क केंट बसतो. संकट आलं की क्लार्क काहीतरी निमित्त काढून सटकतो आणि घटकाभरात तोच चेहरा, चष्मा तेवढा काढून, खिडकीबाहेर उडताना दिसतो. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि आमच्या जिमीला पत्ता नाही.

तरी मला तोच जवळचा. ज्याला गोळीच लागत नाही त्याच्या धाडसाचं कौतुक ते काय करायचं? जिमीला गोळी लागू शकते, तरी तो जातो.

१९५४ साली त्याच्या नावाचं वेगळं कॉमिक निघालं, २० वर्षं चाललं. मुखपृष्ठावर मात्र आधी ‘सुपरमॅनचा दोस्त’ आणि मग जिमी ऑल्सन.