कोचसाहेबांना सा. न. वि. वि.

जूनमधल्या शनिवारी अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरातल्या बेसबॉलच्या मैदानावर हा गृहस्थ हमखास सापडतो. होम प्लेटमागच्या जाळीला नाक लावून, चेंडूंच्या बादलीच्या गादीदार झाकणावर तो बसलेला असतो. एका हातात रडार गन, दुसऱ्या हातात फोन. समोर त्याचा १४ वर्षांचा चिरंजीव चेंडू टाकतो, यंत्रावर ताशी ७८ मैल उमटतात, बाबा ते ८० वाचतात आणि डाव संपायच्या आत देशभरातल्या कोचांना ईमेल रवाना होते. विषयाच्या ओळीत सगळी कुंडली असते: नाव, शाळा संपण्याचं वर्ष २०२९, डावखुरा पिचर, ५ फूट १० इंच. या उंचीत बुटांचे खिळे धरलेले असतात. पत्र मुलाच्या नावाने असतं, पण ‘आपल्या संस्थेची कार्यसंस्कृती माझ्या दीर्घकालीन उद्दिष्टांशी सुसंगत वाटते’ असलं वाक्य नववीतल्या पोराने लिहिलेलं नाही हे कळायला कोचला चष्मा लागत नाही. शिवाय घाईत एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवलेला असतो. त्यामुळे लहानपणापासून फक्त क्लेमसनकडूनच खेळण्याचं स्वप्न पाहणारं ते पत्र वँडरबिल्टच्या कोचला पोचतं. खाली सहीच्या जागी मुलाचं नाव आणि बाबांच्या ऑफिसचा फोन नंबर.

या बेसबॉल-बाबाला वेडा ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याची घाई हिशेबाला धरून आहे. अमेरिकेत शाळेच्या संघांतून बेसबॉल खेळणारी मुलं पावणेपाच लाखांच्या आसपास. त्यांतली शंभरात साधारण सात पुढे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेतल्या कुठल्या तरी कॉलेजकडून खेळतात, आणि ज्याला सगळे ‘डी वन’ म्हणतात त्या डिव्हिजन वनपर्यंत पोचतात शंभरात जेमतेम दोन. शिष्यवृत्तीची गंमत तर आणखी न्यारी. कित्येक वर्षं डी वनच्या एका संघाला बेसबॉलसाठी एकूण ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येत, त्याही जास्तीत जास्त २७ खेळाडूंत. एका मुलाच्या वाट्याला चतुर्थांश आली तरी घरात पेढे वाटावेत अशी परिस्थिती. एनसीएएच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरची ही मर्यादा उठली, पण त्याच वेळी संघात ३४ जणच ठेवायचे असं ठरलं. म्हणजे पैशाला दार उघडलं आणि माणसांना लावलं. दरम्यान बाबांनी चारशे डॉलरची बॅट, क्लबची फी, जॉर्जियातली स्पर्धा आणि तिथलं हॉटेल यांवर घातलेले पैसे मोजले, तर चतुर्थांश शिष्यवृत्ती आगाऊच खर्च झालेली निघते. एवढी चणचण असताना लवकर रांगेत उभं राहावं असं कुणाला वाटणार नाही?

माझी तक्रार त्याच्या घाईबद्दल नाहीच, ती त्याने निवडलेल्या पत्त्यांबद्दल आहे. ज्या कोचांना उत्तर द्यायला नियमानेच बंदी आहे, नेमक्या त्यांनाच तो दर आठवड्याला लिहितो. २०२३ साली एनसीएएने ठरवलं की, डी वनच्या बेसबॉल कोचने मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी भरतीबद्दल बोलायचं नाही. फोन नाही, ईमेल नाही, मेसेज नाही. मुलाने लिहायला हरकत नाही. कोचने वाचायलाही नाही. फक्त उत्तर द्यायचं नाही. पूर्वी मुलीचा बाप पत्रिका घेऊन दारोदार हिंडायचा तेव्हा निदान ‘पत्रिका जमत नाही’ एवढं तरी पोस्टकार्ड यायचं. इथे तेही नाही. हे मौन बाबांच्या पचनी पडत नाही. ईमेल उघडली की कळवणारं उपकरण ते बसवतात. मंगळवारी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी ती उघडली गेल्याचं दिसतं, मग रात्री जेवताना त्यावर चर्चा होते. कोचने दोनदा उघडली, म्हणजे काहीतरी आहे. ती उघडणारा एखादा पदवीचा विद्यार्थी असून त्याला सगळ्या ईमेली तक्त्यात भरण्याचं काम दिलेलं असू शकतं, ही शक्यता त्या चर्चेत निघत नाही.

मधूनच एक दिवस सोन्याचा उगवतो. खरोखरच कॉलेजकडून पत्र येतं, ठळक रंगात, मुलाचं नाव घालून. ते असतं उन्हाळी शिबिराचं पत्रक. प्रश्नावल्या आणि शिबिरांची पत्रकं पाठवायला नियमाची आडकाठी नाही, त्यामुळे ती यादीतल्या झाडून सगळ्यांना जातात. शिबिराला फी असते. बाबा ती भरतात, कारण त्यांच्या मते कोचने डोळा मारलेला आहे. शिबिरात आपल्यासारखेच आणखी दीडशे डोळा मारलेले जमले आहेत हे पाहूनही त्यांचा विश्वास डळमळत नाही. बाकीच्यांना आपले गर्दी भरायला बोलावलं असणार.

यावर बाबांची बाजू घेणारे पहिली गोष्ट सांगतील ती अशी की, लवकर लिहिणाऱ्यांची लवकर सोय झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. हे खोटं नाही. २०२३ चा नियम आला तोच मुळी आठवी-नववीतल्या मुलांकडून तोंडी होकार घेण्याची चढाओढ लागली होती म्हणून. पण तो होकार दोन्ही बाजूंना बांधील नव्हता. मुलाची वाढ थांबली, खांदा दुखावला किंवा कोचच दुसऱ्या कॉलेजात गेला की होकार हवेत विरायचा. आणि आता तर बाजारच पालटला आहे. २०१८ मध्ये कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं. त्याच वर्षी मेजर लीगचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट २० फेऱ्यांचा झाला. २०१९ पर्यंत तो ४० फेऱ्यांचा असे. म्हणजे पूर्वी जे व्यावसायिक संघांकडे निघून जात, त्यांतले बरेच कॉलेजातच राहिले. कोचला आज एखादी जागा भरायची तर दाढी आलेला, ९३ मैलांनी टाकणारा, तीन मोसम खेळलेला २२ वर्षांचा बाप्या फोनवर मिळतो. त्याने २०२९ सालच्या दोन मैल वाढवलेल्या डावखुऱ्यासाठी आत्ताच का अडकून बसावं?

दुसरा मुद्दा जास्त भावनिक असतो: मोठ्या खेळाडूंच्या मागे असेच बाप उभे होते. होते की! मिकी मँटलच्या वडिलांनी, म्हणजे मट मँटल यांनी, पोराचं नावच मिकी कॉक्रन या कॅचरवरून ठेवलं. कॉक्रनचं खरं नाव गॉर्डन आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, नाहीतर अमेरिकेला गॉर्डन मँटल मिळाला असता. पण खाणीतली पाळी संपवून हे मट मँटल करत काय होते? पोराला चेंडू टाकत होते. वशिल्याचं म्हणाल तर माइक पियाझाच्या वडिलांसारखा वशिला कुणाला मिळणार? डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा त्यांचे जुने दोस्त. त्या दोस्तीखातर १९८८ मध्ये डॉजर्सनी पोराला ड्राफ्टमध्ये घेतलं, ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर. मॅनेजरच्या मैत्रीचा बाजारभाव तेवढाच निघाला. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला तो त्यानंतर बॅटीने जे केलं त्याच्यामुळे.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य करावाच लागतो. लिहिलंच नाही तर पाहणार कोण? देश एवढा मोठा, कोच थोडे, आणि नेब्रास्कातल्या खेड्यातला पिचर आपणहून कुणाच्या नजरेस पडणार नाही. लिहिलंच पाहिजे. पण कुणाला? डी वनमध्ये बेसबॉलचे संघ तीनशेच्या आसपास, डिव्हिजन थ्रीमध्ये त्याहूनही जास्त, आणि डिव्हिजन थ्रीच्या कोचला ईमेलला किंवा फोनला उत्तर द्यायला वयाची अटच नाही. तो नववीतल्या मुलाशीही बोलू शकतो. एनएआयए या दुसऱ्या संघटनेची छोटी कॉलेजं आहेत, दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं आहेत. अल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीतल्या अशाच एका कॉलेजातून आला, ब्राइस हार्परने तर शाळा अर्धवट सोडून नेवाडातलं असं कॉलेज गाठलं. पण ‘डी थ्री’ म्हटलं की बाबांचा चेहरा मुलाला कारकुनी लागल्यासारखा होतो. शेजाऱ्याला सांगायचं काय? तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते हे कारण पुढे केलं जातं. ते खरंही आहे, पण अभ्यासावरची आणि घरच्या उत्पन्नावरची मदत तिथे मिळते. ती पुष्कळदा चतुर्थांश शिष्यवृत्तीपेक्षा जड भरते, आणि गणितातल्या गुणांना रडार गन लागत नाही.

कोच मंडळी मुलाखतींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत: पत्र मुलाचंच हवं, आणि मैदानावर आपण बापाकडेही बघतो. पाण्याची बाटली घेऊन आलेल्या आईशी पोरगा कसा वागतो, तिसरा स्ट्राइक दिल्यावर बादलीवरचे गृहस्थ पंचाशी काय बोलतात, याची नोंद चेंडूच्या वेगाशेजारीच होते. त्यामुळे एवढी पत्रं लिहूनही बाबांचा सर्वांत परिणामकारक संदेश ते जाळीमागून, मोठ्याने, तोंडी देत असतात.

तेव्हा बाबा, ती बादली चार पावलं मागे घ्या. चिरंजीवांना त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत पाच ओळी लिहू द्या: नाव, वर्ष, खरी उंची, यंत्राने दाखवलेला वेग, पुढच्या सामन्याची वेळ. क्लेमसनलाही खुशाल पाठवा, ते वाचतील. पण पहिलं पत्र घरापासून दोन तासांवरच्या त्या डिव्हिजन थ्रीच्या कोचला जाऊ द्या. त्याला १ ऑगस्टची वाट पाहायची नाही. त्याचं उत्तर उद्यासुद्धा येऊ शकतं.