निलंग्याची टॉप फाईव्ह

डिसेंबर लागला की निलंग्यात दोन भावांची चर्चा असते, सोयाबीनच्या आणि नर्सरीच्या. पहिला पडलेला असतो, दुसरा चढलेला. 2025-26 च्या हंगामाला सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरवला. हा भाव मोंढ्यात खरंच मिळतो असं धरून चाललं (सदर उपहासाचं आहे, तेव्हा धरू), तर चाळीस हजारांची नर्सरी साडेसात क्विंटलला पडते. बस, बूट, टाय आणि गॅदरिंगचा ड्रेस वेगळा. एवढा माल घालायचा तर शाळा एक नंबरचीच पाहिजे. म्हणून यंदा गावातल्या काही जाणत्या पालकांनी बड्या शाळांची क्रमवारी लावायला घेतली. ठरली होती टॉप टेन, पण दहा नावं भरेनात, म्हणून टॉप फाईव्हवर आले.

शाळांची नावं मी लिहिणार नाही. लिहिली तर या पानाच्या खालच्या अर्ध्यातली जाहिरात जाईल आणि सदराचं मानधन तिच्यातूनच निघतं.

बैठकीला खताच्या दुकानाचे मालक, मेडिकलवाले, पुण्याहून बदलून आलेले बँकेचे साहेब, एक वकील आणि जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी होते. गुरुजींची दोन्ही लेकरं इंग्लिश मीडियमला, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. जिल्हा परिषदेची शाळा आतून बघितलेला माणूसच तिथं लेकरू घालत नाही, याहून मोठा पुरावा पालकांना कशाला हवा! अलाहाबाद हायकोर्टानं 2015 साली उत्तर प्रदेश सरकारला बजावलं होतं की, सरकारी पगार घेणाऱ्यांची लेकरं सरकारी शाळेतच शिकली पाहिजेत. गंगाकाठची ही बातमी मांजरा-तेरणेच्या काठाला येईस्तोवर सुदैवानं थंड झाली.

निलंगा राईसच्या प्लेटा आल्या आणि निकष निघाले. खतवाल्यांचा निकष सरळ होता. "ज्याची फी जास्त ती शाळा भारी. स्वस्तातलं बी कधी उगवलेलं बघितलंय का?" मेडिकलवाल्यांना नावात इंटरनॅशनल हवं होतं. त्यावर वकिलांनी हरकत घेतली. भालकी-बीदरकडची चार लेकरं बसनं येतात म्हणून शाळा फार तर आंतरराज्य ठरेल, म्हणाले. बँकेच्या साहेबांनी सीबीएसई नसलेल्या शाळा यादीत घ्यायलाच नकार दिला. सेमीचा विषय निघाला तेव्हा सगळे जरा अवघडले. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, म्हणजे बाप अर्धाच ऐपतीचा, असा तिचा गावात अर्थ लागतो.

मग मुलाखत. एका शाळेत लेकराची घेतात, दुसरीत लेकराची आणि आईबापाचीही. दुसरीला अर्थातच जास्त गुण पडले. वकील पुन्हा मध्ये पडले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी लेकराची किंवा पालकाची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळेला 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळेला 50 हजारांपर्यंत. सभेनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाखत न घेणाऱ्या शाळेचे दोन गुण कापले. जिथं कायदा मोडायचीही गरज पडत नाही, तिथं गर्दी ती काय असणार!

याच कायद्यानं गरिबांच्या लेकरांसाठी 25 टक्के जागा ठेवल्यात, हे कुणीतरी हळूच काढलं. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. बँकेच्या साहेबांनी सुस्कारा सोडला. फीवाढीचा विषय मात्र दोन मिनिटांत आटोपला. तक्रार करायला शाळेतले एक चतुर्थांश पालक एकत्र यावे लागतात आणि इथं पाच जणांचं पहिल्या नंबरवर जमत नव्हतं.

शेवटी गाडी निकालावर आली. मार्काचं मोल निलंग्याला कुणी शिकवू नये. परीक्षेतल्या मार्कांच्या प्रकरणात हायकोर्टानं ताशेरे ओढले म्हणून 1986 साली मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते आमच्याच गावच्या पुढाऱ्याला. तेव्हा निकालाच्या गप्पा निघाल्या की इथला माणूस सावरून बसतो. 2025 च्या दहावीत राज्यात 211 जणांना शंभर टक्के मिळाले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. मेडिकलवाल्यांनी हा आकडा असा सांगितला, जणू पेपर त्यांनीच तपासले. त्याच वर्षी बारावीच्या निकालात लातूर विभाग 89.46 टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली होता. हा आकडा कुणालाच पाठ नव्हता. फ्लेक्सवर 113 चेहरे बसवता येतात. नापास झालेल्यांचा फ्लेक्स छापायचा कसा?

छापलेल्या चेहऱ्यांचंही एक गौडबंगाल आहे. तेच पोरगं चौकात तीन फ्लेक्सवर हसताना दिसतं. एक शाळेचा, एक क्लासचा, एक होस्टेलचा. चौथा गावच्या नेत्याच्या वाढदिवसाचा, पण तो गुणवत्तेत धरत नाहीत.

आता लहान लेकरांच्या शाळेचा निकाल मोजायचा कसा? यावर मात्र पाची जणांचं एकमत झालं. नवोदयला किती लागले, त्यावरून. जवाहर नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावीला प्रवेश, जिल्ह्याला साधारण 80 जागा, राहणं-जेवण सरकारचं. नर्सरी ते पाचवी आठ वर्षं धरली, तर आपल्या हिशेबानं साठ क्विंटल सोयाबीन झालं. ते घालायचं कशासाठी? तर लेकरू या भारी शाळेतून सुटून सरकारी शाळेत जावं म्हणून. ज्या शाळेतून जास्त लेकरं सुटतात ती पहिली.

त्यातही नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण लेकरांना, आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. खतवाले आवाज खाली आणून म्हणाले, "नाव तिकडच्या शाळेत टाकायचं अन् लेकरू इकडं क्लासला बसवायचं. समदेच करतेत." म्हणजे फी इंटरनॅशनलला, अभ्यास क्लासला आणि दाखला जिल्हा परिषदेचा. नंबर लागला तर तिघांचाही फ्लेक्स लागला पाहिजे, पण जिल्हा परिषदेकडं फ्लेक्सचं हेड नसतं.

नवोदय हुकलं तर दहावीनंतर लातूर. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, त्याला जोडून क्लास, त्याला जोडून खोली, डबा आणि आईचा मुक्काम. हे सगळं नीटसाठी, आणि नीट कशासाठी? लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, नाहीतर नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळावी म्हणून. पोराला खासगी मेडिकलला नंबर लागला असं कुणी सांगितलं, तर निलंग्याचा माणूस अभिनंदनाआधी एक क्षण थांबतो आणि मग विचारतो, "गव्हर्मेंटचं थोडक्यात गेलं का?" इंटरनॅशनल शाळेचे संस्थाचालक स्वतःच्या लेकीसाठी स्थळ बघतात, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न असतो, मुलगा परमनंट आहे ना?

रात्री यादी झाली. पहिल्या चार जागांवर चार शाळा आल्या. खतवाले, मेडिकलवाले, वकील आणि बँकेचे साहेब यांनी आपापल्या लेकराचीच शाळा पहिली लावली होती. साडेसात क्विंटल घातलेला माणूस आपली शाळा तिसरी आहे असं म्हणेल कसा? म्हणून चारही शाळांना पहिला क्रमांक विभागून दिला. गुरुजींची लेकरं त्यातल्याच एका शाळेत, त्यामुळे त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

पाचव्या जागेला नाव सुचेना. तेव्हा राईसवाल्यानं, म्हणजे ज्याचं लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं त्यानं, प्लेटा उचलता उचलता ती शाळा सुचवली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, तेव्हा आपल्या शाळेला पाचवा नंबर द्यायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं. सभा विचारात पडली. फी नाही, मुलाखत नाही, टाय नाही, मग गुण द्यायचे कशाला? गुरुजींनीच तोडगा काढला. पाचव्या जागेवर शाळेचं नाव लिहून त्यापुढं "रिक्त" अशी नोंद करायची. जिल्हा परिषदेच्या शाळेला तिची सवय आहे, म्हणाले.