बाँडवरचा गुंठा

जालना रोडला चिकलठाणा मागे पडलं की पाट्या सुरू होतात. ‘समृद्धी टच’, ‘डीएमआयसीलगत’, ‘सुलभ हप्ते’. करमाड आलं तरी त्या संपत नाहीत. शेंद्र्याच्या कंपनीत कंत्राटावर राबणारा पोरगा रोज त्या वाचत येतो-जातो आणि एक दिवस बाँड पेपरवर नोटरी करून गुंठा घेतो. हे खरेदीखत नव्हे. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं आणि तोच तुकडा उद्या तिसऱ्याला विकला जाऊ शकतो.

तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. ऑगस्ट 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडू नये ते, जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. लहान तुकड्यांची दस्तनोंदणी अडवणारं 12 जुलै 2021 चं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 5 मे 2022 ला रद्द केलं. दलाल नेमकं एवढंच ऐकवतो. दस्त नोंदला म्हणजे फेरफार मंजूर झाला असं नव्हे, हे तो गिळून टाकतो. जुने व्यवहार नियमित करण्याचे निर्णय सरकारने घेतलेत. तुमचा गट त्यात बसतो का, हे तहसीलमध्ये विचारा, पाटीला विचारू नका.

रीतसर शेतच घ्यायचं असेल तर आधी स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा हवा, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. मग सातबारा. लोक क्षेत्र बघतात आणि खिशाचा हिशोब मांडतात. बघायचं ते भोगवटादार वर्ग आणि ‘इतर हक्क’. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळच्या इनामांचा गुंता आजही सुटलेला नाही; खिदमतमाश, मदतमाश असा शेरा दिसला की हात आखडता घ्या. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो, बहिणींची नावं असतात. भाऊ म्हणतो, ‘त्या सही देतील.’ त्या सह्या आधी, पैसे नंतर. वाटेचंही तसंच. शेजारी ‘जा की बांधावरून’ म्हणतो तो पेरणीपर्यंत. नकाशावर शिवरस्ता दिसला पाहिजे. जमीन स्वस्त का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा याच कागदांत सापडतं.

पण सगळा दोष घेणाऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरासाठी सुमारे 10 हजार एकर जमीन सरकारने उभी केली. करमाड, लाडगावच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी रानं दिली. कारखान्यांना रस्ता, पाणी, वीज, गटार सगळं आखून मिळालं. त्याच कारखान्यांत घाम गाळणाऱ्याला मात्र दीड गुंठ्याचा कायदेशीर, परवडणारा प्लॉट शोधून सापडत नाही. गरज सरकारने मोकळी सोडली म्हणून दलालाने धरली. करमाडच्या शिवारात मंजूर रेखांकनाचे लहान प्लॉट सरकारने स्वतः पाडावेत आणि कामगाराला हप्त्याने द्यावेत.

तोवर बाँडवर एक रुपयाही देऊ नका. इसार द्यायचा तो मोजणी झाल्यावर, वकिलाने कागद बघितल्यावर.