टेल्कोवाले अण्णा

खेड तालुक्यात गावागणिक एक अण्णा सापडतोच. टेल्कोत तीस वर्षं काढलेला, रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून पंधरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलेला, आणि एमआयडीसीत जाता जाता उरलेल्या दीड एकरात कांदा करणारा. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं. अण्णांच्या तोंडी ती टेल्कोच, आणि इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द टेल्कोवाल्याचा.

आमच्या अण्णांच्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलायला झालं, तेव्हा कांद्याची लागण तोंडावर आली होती. मी भाबडेपणानं विचारलं, "अण्णा, चाकणवरून येताना ऑइलचा कॅन आणू का?"

"कंचा? सिंथेटिक का साधा?"

अण्णांनी ऑइलची पट्टी उपसली, एक थेंब अंगठ्यावर घेतला, दुसऱ्या बोटानं सावकाश चोळला, उन्हाकडे धरला आणि हुंगला. आता चाखतात की काय, असं वाटलं. "डांबर झालंय डांबर!" मग पट्टी पायजम्याला पुसली. त्या पायजम्यावर या ट्रॅक्टरचा अख्खा सर्व्हिस रेकॉर्ड आहे. वास्तविक डिझेल इंजिनातलं ऑइल काजळी पोटात धरून ठेवतं, म्हणून ते चार दिवसांत काळं पडतंच. त्याचं कामच ते. पण हे टेल्कोवाल्याला कोण सांगणार?

पुढचे तीन आठवडे पारावर ऑइल शिजत होतं. अण्णांना मत असं नाही. समोरच्याला असेल त्याच्या उलट ते अण्णांचं. पुतण्या चाकणच्या कंपनीत इंजिन जोडतो. तो म्हणाला, सिंथेटिक टाका, थंडीतही पातळ राहून लवकर वरपर्यंत पोचतं. अण्णा उसळले, "आरं, १५ डब्ल्यू ४० मधला डब्ल्यू विंटरचा. त्याची परीक्षा उणे २० अंशाला घेत्यात. आपल्याकडं १० वर पारा आला की तू गोधडीतनं बाहेर येत न्हाईस!" बिनतोड होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, साधंच बरं, वेळेवर बदला म्हणजे झालं. तेव्हा अण्णांनी सिंथेटिकची बाजू अशी लढवली की मिस्त्रीनं पाना खाली ठेवून हात जोडले.

मिस्त्रीनं जाता जाता विचारलं, "तास किती झाले?"

पार गप्प. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. कारण तो उभ्या जागीही राबतो. कांद्याची ट्रॉली मार्केट यार्डाला नेताना तळेगाव चौकात तासभर नुसता धुगधुगत उभा राहतो, तो तासही इंजिनाच्या खात्यावरच पडतो. मॅन्युअलमध्ये २५० तास लिहिलेत. अण्णांचं तासांचं मीटर मागल्या पोळ्यापासून १८० वर उभं आहे. "मग झाले की १८०," अण्णा म्हणाले.

एअर फिल्टर उघडला तर आत गुंठाभर माती. इतकी माती ओढणाऱ्या इंजिनात सिंथेटिक ओतणं म्हणजे फाटक्या पोत्याला जरीची गाठ, असं माझं आपलं मत. मी ते बोललो नाही, नाहीतर सिंथेटिक पक्कं झालं असतं. मी उलट म्हणालो, "अण्णा, सिंथेटिकच घेऊ." तासाभरात साधा १५ डब्ल्यू ४० घरी आला.

अण्णा टेल्कोत पेंट शॉपला होते, हे मला त्याच संध्याकाळी काकूंकडून कळलं.

लागण जुन्याच ऑइलवर उरकली. कॅन सीलबंद पडवीत उभा आहे. ऑइल फिल्टर कंपनीचा घ्यायचा की लोकल, यावर सध्या पारावर बोलणं चालू आहे.