कृपया हात लावू नये

जुनी मोटार प्रदर्शनात मांडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : मोटार, मालक आणि मालकाचा धाकटा भाऊ. पहिल्या दोघांवर रंगीत छायाचित्रांसह पुष्कळ लिहिले जाते. तिसऱ्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेले नाही. गेली अकरा वर्षे मी या पदावर विनावेतन आहे. त्या अनुभवाचे सार नवोदित धाकट्या भावांसाठी येथे नियमबद्ध करीत आहे. मेहुणे, भाचे आणि सकाळी लवकर उठणारे शेजारी यांनीही लाभ घ्यावा.

नियम १. मोटारीचे नाव जपून उच्चारावे.

आमच्या दादाकडे १९५६ सालची फियाट ११००-१०३ आहे. हिचा पुढचा भाग फुगीर, नाक पुढे काढलेले, आणि एकूण बांधा असा की मुंबईकरांनी पाहताक्षणी तिचे बारसे करून टाकले : डुक्कर फियाट. दादाला हा शब्द खपत नाही. त्याने पाटीवर ‘मिलेचेंतो’ असे रंगवून घेतले आहे. इटालियनमध्ये याचा अर्थ ‘अकराशे’. इंजिन प्रत्यक्षात १०८९ सीसीचे आहे; उरलेले ११ सीसी दादा बोलून भरून काढतो. पाटी वाचून प्रत्येक माणूस मागे वळून ओरडतो, “अगं इकडे ये, डुक्कर बघ!” त्या वेळी धाकट्या भावाने समोरच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांकडे पाहावे. हसू नये.

नियम २. फडक्याचे शास्त्र.

मोटार आदल्या दिवशी पाण्याने धुवावी. कोरड्या धुळीवर कोरडे फडके कधीही फिरवू नये. धूळ म्हणजे बारीक वाळू. ती फडक्याखाली सापडली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात, परीक्षक समोर उभे असताना, सगळे एकदम दिसतात. आच्छादनाचेही तेच. धुळकट मोटारीवर आच्छादन ओढणे म्हणजे तिला पॉलिशपेपरने घासणे. आच्छादन सुती असावे. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि पत्र्याला घाम फुटतो.

फडके मऊ, मायक्रोफायबरचे, किनारीची शिलाई उसवून काढलेले. त्याच्या चार घड्या कराव्यात, म्हणजे एका फडक्याला आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची. आठ संपल्या की नवे फडके. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते मेले असे समजावे, मग ते कितीही स्वच्छ दिसो. मी एकदा फुंकर मारून तेच वापरले. दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ते चार दिवस बरे गेले.

पोटनियम : बंद पडलेली मोटार ढकलतानाही तळव्याखाली फडके धरावे. हाताच्या घामात मीठ असते. क्रोमवर ते राहिले तर मुंबईच्या खाऱ्या हवेला आयतीच मदत. अकरा वर्षांत मी ही मोटार चालवलेली नाही, पण ढकललेली पुष्कळ आहे. प्रत्येक वेळी फडक्यानिशी.

नियम ३. जागा पहाटेच धरावी.

प्रदर्शन हॉर्निमन सर्कलला भरते; तिथे साडेपाचला पोचावे. उशिरा येणाऱ्यांना झाडाखालची जागा मिळते आणि त्यांना ती आवडतेही, कारण सावली असते. त्यांना कबुतरे ठाऊक नसतात. पक्ष्याची शीट आम्लयुक्त असते आणि तापलेल्या रंगात ती दोन-चार तासांत डाग पाडते. ती दिसताच बोटाने किंवा फडक्याने घासू नये. आत कण असतात. ओले फडके तिच्यावर पाच मिनिटे नुसते ठेवावे, मऊ पडली की अलगद उचलून घ्यावी. ही पाच मिनिटे दादा कबुतरांशी जे बोलतो ते येथे देता येत नाही.

नियम ४. मोटार मांडल्यावर ती मांडलेलीच राहावी.

हँडब्रेकवर विश्वास ठेवू नये. मोटार गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावावेत. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी, म्हणजे कुणाच्या चिरंजीवांनी हॉर्नचा सराव केला तरी संध्याकाळी स्टार्टर फिरेल. चाकांच्या चकचकीत टोप्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात आणि तितक्याच सहज निघतात. प्रत्येकीला आतून खूण करून ठेवावी. सीटखाली आग विझवण्याचा छोटा सिलिंडर असावा. काचा पूर्ण बंद न करता बोटभर उघड्या ठेवाव्यात, नाहीतर आतले रेक्झिन दुपारपर्यंत भाजून निघते.

इंजिनखाली पसरट भांडे ठेवावे. जुने इंजिन तेल गाळतेच. दादाच्या मते ते तेल गाळत नाही, आपली हद्द आखते. आमच्याकडे या कामी वहिनींची पितळी परात असते. वहिनींना वाटते, ती त्यांच्या भिशीच्या मैत्रिणीकडे राहिली आहे.

नियम ५. दोरी.

मोटारीपासून हातभर लांब, कमरेएवढ्या उंचीवर. जवळ बांधली तर लोक दोरीवरून वाकतात, लांब बांधली तर आत येतात.

नियम ६. प्रेक्षक ओळखावेत.

नवशिक्या भावांना मुलांची भीती वाटते. हा गैरसमज आहे. मूल एकदा “नाही हं बाळा” म्हटले की थांबते. खरा धोका त्याला घ्यायला वाकलेल्या आईच्या पर्सच्या चेनचा. त्याहून मोठा धोका जीन्स घालून मोटारीला टेकणाऱ्याचा. त्या पँटच्या खिशांवर तांब्याची बटणे असतात. फोटोग्राफर स्वतः दोरीबाहेर असतो, त्याच्या पाठीवरची पिशवी आत असते. कुणी दार उघडून बघू का विचारले तर उत्तर नाही. हिची पुढची दारे उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. सवयीचा माणूस नेमका दाराच्या वाटेत उभा राहतो आणि मग दार, माणूस आणि शेजारची मोटार असा तिघांचा प्रश्न होतो.

पण सर्वांत घातक वर्ग प्रेमळ लोकांचा. यात दोन पोटजाती आहेत.

पहिली, ठोकून बघणारे. हे साठीच्या पुढचे असतात आणि बरोबर जावई किंवा नातू असतो. बॉनेटजवळ येऊन ते म्हणतात, “पत्रा बघ, पत्रा! नाहीतर आजच्या गाड्या.” आणि पुढच्या पिढीची खात्री पटावी म्हणून बोटाच्या पेराने, म्हणजे अंगठीने, टणटण वाजवून दाखवतात. आपण ओरडेपर्यंत तीन ठोके झालेले असतात. मागे एकाने दादाला वर शाबासकी दिली, “अस्सल आहे हो!” दादा ते ऐकायलाच पाच वर्षे झटला होता. त्याला रागावावे की आभार मानावेत हे कळेना, म्हणून तो माझ्यावर ओरडला.

दुसरी पोटजात, ‘आमच्याकडे पण होती’वाले. यांच्या आठवणीतल्या मोटारीत कधीही नऊपेक्षा कमी माणसे नसतात, ती नेहमी महाबळेश्वरला निघालेली असते आणि पसरणी घाटात रेडिएटर उकळल्याशिवाय राहत नाही. मग काका डबा घेऊन पाणी आणायला जातात, आत्या रागावून पायी निघते. ही गोष्ट साभिनय असते. आत्या कुठे बसली होती ते दाखवायला काच लागते, सामान कुठे बांधले होते त्यासाठी टप, आणि हे सगळे छत्रीच्या टोकाने. यावर मी शोधलेला उपाय मोलाचा आहे : मोटारीच्या दुरुस्तीच्या फोटोंचा जाडजूड आल्बम जवळ ठेवावा आणि गोष्ट सुरू होताच तो त्यांच्या दोन्ही हातांत द्यावा. हात गुंतले की मोटार सुरक्षित. मला या गोष्टी आता पाठ आहेत. खरे सांगायचे तर त्या आत्या मला आवडतात. सगळ्या रागावलेल्या असतात आणि सगळ्या घाट चढून आधी पोचलेल्या असतात.

नियम ७. प्रश्न तीनच असतात.

“किती देते?” “केवढ्याला घेतली?” “विकायची का?” पहिल्याला दादा म्हणतो, “आनंद.” मी हळूच सांगतो, दहाच्या आसपास. दुसऱ्याचे उत्तर वहिनी जवळपास नाहीत याची खात्री करून द्यावे. तिसऱ्याला दादा फक्त चष्मा काढून पुसतो.

नियम ८. कागदपत्रे.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरील व्हिंटेज वाहनांसाठी केंद्र सरकारचे वेगळे नियम आहेत : नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीपासून नोंदलेल्या मोटारीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणावी, रोजच्या वापराला नाही. आमच्या मोटारीला ही अट जाचक वाटत नाही. रोज चालण्याचा तिचा कधीच विचार नव्हता.

नियम ९. परीक्षक.

मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेची मुळे फ्रान्समध्ये आहेत. तिथे उमराव बागांतून घोडागाड्या मिरवीत. कॅलिफोर्नियात पेबल बीचला १९५० पासून अशी स्पर्धा भरते आणि मोटारी समुद्राकाठच्या गोल्फच्या हिरवळीवर उभ्या करतात. आपल्याकडे डांबर आहे. त्यामुळे परीक्षक येण्याआधी टायरच्या खाचांतले खडे काढून ठेवावेत.

परीक्षक चकाकीला भुलत नाहीत. ते वाकून बघतात. दिवे, हॉर्न, वायपर चालू आहेत का; डिकीत जॅक आणि पाने त्या काळचे आहेत का. कारखान्यात नव्हती एवढी चकाकी आणली तरी गुण जातात. त्या साली कंपनीने जे लावले ते, आणि लावले नसेल तर काही नाही. दादाचे एकदा रबरी नळीच्या नव्या क्लिपवरून गुण गेले. त्यानंतर आठ महिने तो जुन्या बाजारात जुन्या क्लिपा शोधत हिंडला. याच काळात घरातला बाथरूमचा नळ गळत होता, आणि तो आजही गळतो.

नियम १०. जेवण.

मोटारीत बसून खाऊ नये. मालक खाताना दिसल्यास पाहू नये.

नियम ११. परतीचा प्रवास.

याचे नियम सांगणार होतो. पण गेल्या फेब्रुवारीत जे झाले ते सांगतो.

दादाने नऊ तास ‘हात लावू नका’ म्हणून आवाज बसवून घेतला होता. बक्षीस काही मिळाले नाही. चारच्या उन्हात आम्ही दादरला निघालो आणि भायखळ्यापासूनच गर्दी लागली. जुन्या फियाटचा पेट्रोलपंप इंजिनलाच चिकटून असतो. मोटार रेंगाळली की तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोलऐवजी हवा मिळते. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला मिलेचेंतोने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. दादाने स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवली. मागे बस होती. बसचा हॉर्न होता.

शेजारच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून एक ड्रायव्हर उतरला. केस पांढरे. पाटी, दोरी, आल्बम यांतले काहीच न वाचता त्याने थेट बॉनेट उघडायला लावले आणि पंपावर हात धरला.

“वाफ धरली. फडकं हाय का?”

होते. चार घड्यांचे, सात बाजू शिल्लक असलेले. त्याने ते माझ्या हातातून ओढून घेतले, बाटलीतल्या पाण्यात भिजवले आणि पंपावर गुंडाळले. पंचवीस वर्षे पद्मिनी चालवली म्हणे. तिचेही इंजिन १०८९ सीसीचेच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हापासून याच्याकडे ही नवी गाडी. “हिला फडकं लागतच नाय,” तो म्हणाला. तक्रार होती की काय, कळले नाही.

दहा मिनिटांनी पंप गार झाला, पण बॅटरी मेलेली. आता धक्का मारणे आले. दादाने काचेतून डोके बाहेर काढले. फुटपाथवर पाच-सहा जण गंमत बघत उभे होते. बसलेल्या आवाजात तो त्यांना म्हणाला,

“अहो, जरा हात लावता का?”

लावले. भेळवाल्याने लावले, क्लासच्या दोन पोरांनी लावले, ड्रायव्हरने लावले. कुणाच्याही तळव्याखाली फडके नव्हते, कारण एकुलते एक फडके पंपावर होते. दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आल्यावर दादाने क्लच सोडला. डुक्कर खोकले आणि धावले. मागून पोरे ओरडली, “आली रे आली, डुक्कर आली!” दादाने, मी शपथेवर सांगतो, हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. “डिकीवर पंजे उमटलेत. नवीन फडकं घेऊन ये.”

गेलो. आधी पाणी, मग चार घड्या, आठ बाजू. दादा चष्मा लावून शेजारी उभा होता. भेळवाल्याचा पंजा तेलकट होता, तो लगेच ओळखू आला. पोरांचे चार. ड्रायव्हरचे रुंद, बोटे फाकलेली. पुसत पुसत शेवटच्या जोडीपाशी आलो तसा दादाने माझा हात धरला.

“हे कुणाचे?”

“माझे.”

“तू कशाला हात लावलास?”