ध्वनीचा मानपान

ध्वनीच्या सॉफ्टवेअरला उशीर चालत नाही. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने वाजवत असते. ते २५६-२५६च्या तुकड्यांत पुरवायचे म्हटले, तर प्रोग्रॅमच्या हाती दर तुकड्यामागे जेमतेम सव्वापाच मिलिसेकंद येतात. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार नसेल तर हेडफोनमध्ये ‘कट्’ असा आवाज होतो. या प्रकाराला जाणकार ‘एक्सरन’ म्हणतात. तो गायकाच्या सर्वांत चांगल्या तानेवरच होतो, अशी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची ठाम श्रद्धा आहे.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या बाबतीत पंगतीतला वाढपी आहे. ब्राउझर, प्रिंटरची सेवा, न विचारता सुरू झालेले अपडेट, सगळ्यांच्या पानात तो थोडेथोडे वाढत जातो. रिअल-टाइम वर्गातला प्रोग्रॅम मात्र जावई. तो स्वतः ‘पुरे’ म्हणेपर्यंत, किंवा त्याहून मोठा मानकरी येईपर्यंत, वाढपी पुढे सरकत नाही. मानाच्या पायऱ्या १ ते ९९.

असला जावई अनंत लूपमध्ये अडकला तर बाकीची पंगत उपाशी राहू शकते आणि माउसही हलेनासा होऊ शकतो. म्हणून हा अधिकार पूर्वी फक्त रूटकडे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याकडे, असे. जॅक हा ध्वनिसर्व्हर वापरणारे संगीतकार मग तो सरळ रूट म्हणूनच चालवत. गिटारचा एक ट्रॅक घेण्यासाठी अख्खे यंत्र त्याच्या हवाली! २००५ साली कर्नल २.६.१२मध्ये साध्या वापरकर्त्यालाही ठरावीक मर्यादेपर्यंत हा मान देण्याची सोय आली.

सोय मर्यादांच्या फाइलीतल्या दोन ओळींची. ‘ऑडिओ’ गटाला ‘आरटीप्रायो ९५’ आणि ‘मेमलॉक अनलिमिटेड’. पहिली ओळ प्राधान्य देते, दुसरी प्रोग्रॅमची मेमरी डिस्कवर हाकलू देत नाही. ओळी लिहिणारा जॅक पुन्हा सुरू करतो आणि रिअल-टाइम प्राधान्य मिळाले नाही, ही तीच जुनी तक्रार वाचतो. तो ९५चे ९९ करतो, स्पेलिंग तपासतो, लिनक्सच्या आपल्या वितरणाला नावे ठेवतो. वास्तविक या मर्यादा लॉगिन करताना लागू होतात, आणि गृहस्थांनी लॉगआउट केलेलेच नसते. टर्मिनलमध्ये ‘यूलिमिट -आर’ विचारले तर उत्तर शून्य येते.

मान देणाऱ्यांचा विश्वास तसा कमीच. डेबियन या वितरणावर जॅक बसवताना हा अधिकार द्यायचा का, असे इशाऱ्यासह विचारले जाते. २००९मध्ये आलेली रिअलटाइमकिट ही सेवा मागेल त्याला मर्यादित मान देते, पण सोबत ‘कॅनरी’ नावाचा पहारेकरी धागा (थ्रेड) ठेवते. कोळशाच्या खाणीतल्या पक्ष्याचेच हे नाव. हा धागा उपाशी राहिला की दिलेले मान काढून घेतले जातात. खुद्द कर्नलनेही वर्षानुवर्षे रिअल-टाइम कामांना सेकंदातले ९५० मिलिसेकंदच दिले. उरलेले ५० बाकीच्या गरिबांना.

२०२४च्या ६.१२ आवृत्तीत, कर्नललाच रिअल-टाइम बनवणारे, सुमारे वीस वर्षे बाहेर ताटकळलेले ‘प्रीएम्प्ट-आरटी’चे काम मुख्य कर्नलमध्ये पूर्ण झाले. नुसती गाणी ऐकणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही; पाइपवायर हा ध्वनिसर्व्हर परस्पर निभावून नेतो. रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्या दोन ओळी लिहाव्यात, पण ९९च्या वाटेला जाऊ नये. त्या पायरीवर कर्नलची स्वतःची कामे चालतात. ९५ पुष्कळ झाले.