हिरवे सर

परभणीतल्या प्रत्येक कॉलनीत एक तरी हिरवे सर असतात. ते मास्तरच असतील असं नाही. बँकेत असतील, जिल्हा परिषदेत असतील, नाहीतर मोंढ्यात खतं-बियाण्यांचं दुकान असेल. आपल्याकडं इस्त्रीचा शर्ट घालणारा प्रत्येक जण सरच असतो. शुगरचा रिपोर्ट बॉर्डरवर आला, पुण्याच्या पोरानं ब्लेंडर पाठवला, की माणूस हिरवा पडायला लागतो.

पहाटे सर कृषी विद्यापीठाच्या आवारात हजर. १९७२ साली हे विद्यापीठ मराठवाड्यातल्या शेतीसाठी निघालं म्हणतात; निम्म्या शहराची समजूत मात्र ते मॉर्निंग वॉकसाठी काढलंय अशीच आहे. डिसेंबरात कानटोपीतून नुसतं नाक दिसत असतं, तरी सर बोलायचे थांबत नाहीत. व्यायामानंतर अर्ध्या तासात स्मूदी पोटात गेलीच पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. त्या घाईत शेवटची फेरी रोजच राहून जाते.

मग ब्लेंडर. पालकाची अर्धी जुडी, दोन केळी, आल्याचा तुकडा, लिंबू, भिजवलेला सब्जा. इथपर्यंत काहीच वावगं नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळं पालकातलं लोह अंगी लागायला मदत होते, हे सरांना पाठ आहे आणि त्यांच्यामुळं सगळ्या कॉलनीला. पण चव येईना म्हणून खजूर पडतात, खजुरानं भागेना म्हणून मध, आणि प्रोटीन पाहिजे म्हणून मूठभर बदाम. दोन केळ्यांचेच दोनशेच्या आसपास उष्मांक होतात. चालून जे जाळलं ते व्याजासकट ग्लासात परत!

सरांचं खरं कर्तृत्व पुढंच आहे. पालकाचे धागे दातांत अडकतात म्हणून ते स्मूदी चहाच्या गाळणीतून गाळून घेतात. अहो, स्मूदीत आणि रसात फरक तो काय? चोथा पोटात जातो, एवढाच. सरांचा चोथा शेजारच्या शेळीला जातो. व्यायाम सरांचा, फायबर शेळीला. शेळीची तब्येत उत्तम आहे.

गावाचा अभिमान तर विचारू नका. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारा माणूस बाहेरचं केल कशाला आणील? त्यांनी एकदा ‘परभणी क्रांती’च घातली. ही आपल्या विद्यापीठानं काढलेली, केवडा रोगाला दाद न देणारी भेंडी. भाजीला झकास. ब्लेंडरमध्ये मात्र तिनं नाव सार्थ केलं. ग्लास उपडा केला तरी स्मूदी खाली येईना.

“काय प्यायलाव सर हे?” शेजारी विचारतो. सर याच प्रश्नाची वाट बघत असतात. हिरव्या मिशीनं ते डिटॉक्स समजावून सांगतात. पहिल्यांदा ऐकणारा अर्धा ग्लास पितो, दुसऱ्यांदा ऐकणारा रस्ता बदलतो.

घरात आई वेगळीच. “म्हशीला घालायलास का रे हे?” एवढं विचारून ती चुलीकडं वळते. तिच्या तव्यावर ज्वारीची भाकरी असते, कढईत करडईच्या कोवळ्या पानांची भाजी. ज्वारी ‘परभणी शक्ती’ असली तर बोलायलाच नको. लोह आणि जस्त जास्त असलेलं हे वाण २०१८ साली याच विद्यापीठानं इक्रिसॅटच्या सोबतीनं आणलं. जे सर ग्लासात शोधतात ते ताटात गरम गरम वाढलेलं असतं. पण भाकरीचा फोटो स्टेटसला कोण ठेवणार? माझं मत विचाराल तर सरांचं निम्मं आरोग्य त्या स्टेटसवरच टिकून आहे.

आणि स्मूदी संपली की सर थेट वसमत रोडच्या टपरीवर. तोंडाची चव घालवायला कडक चहा, सोबत गरम भजी. चहातले घटक लोह अंगी लागू देत नाहीत, म्हणून दोन्हींत तास-दीड तासाचं अंतर बरं, हे सरांना कुणी सांगत नाही. सांगायचं काम त्यांचं, ऐकायचं आपलं.

अशाच एका सरांना परवा मुतखडा निघाला. पालकात ऑक्झलेट भरपूर, आणि ज्याला खड्याची प्रवृत्ती आहे त्यानं कच्चा पालक रोज ग्लासभर पिणं बरं नाही. डॉक्टरांनी पालक तोडला. सर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी बाजारातून दुधी घेऊन आले.

तेव्हा वाचकहो, सरांनी दुधीचा रस पुढं केला तर आधी थेंबभर चाखून बघा. कडू लागला तर आग्रहाला बळी पडू नका, ओतून द्या. कडू दुधी विषारी असतो, आणि तो शेळीलाही घालू नका.